खाजगी सुरक्षा व्यवसायाचे परवाने

खाजगी सुरक्षा व्यवसायाचे परवाने : लोकसेवक नसलेल्या व्यक्तीने वा संस्थेने मोबदला घेऊन दुसऱ्याच्या जीविताचे अथवा मालमत्तेचे रक्षण करणे, या व्यवसायास खाजगी सुरक्षा व्यवसाय म्हणतात. कारखाने, बँका, रुग्णालये, गोदामे, निवासी संकुले व दुकाने यांवरील पहारा, रोख रकमेची व मौल्यवान वस्तूंची ने-आण, व्यक्तींचे अंगरक्षण, समारंभातील गर्दीचे नियंत्रण आणि या कामांसाठी रक्षकांना शिक्षण देणे, अशी कामे या व्यवसायात मोडतात. व्यवसाय खाजगी असला, तरी त्याचे स्वरूप शासनाच्या एका मूलभूत कार्याशी भिडलेले आहे. गणवेश घातलेला, हाती काठी वा बंदूक असलेला मनुष्य लोकांना अडवू लागला, की सामान्य माणसास तो अधिकारी वाटतो. वस्तुतः त्यास नागरिकापेक्षा अधिक अधिकार नसतात. या भासमान अधिकाराचा दुरुपयोग होऊ नये, गुन्हेगारांना रक्षकाच्या वेशात आत शिरता येऊ नये आणि रक्षण करणाऱ्याचे स्वतःचे शोषण होऊ नये, असे तीन हेतू परवाना पद्धतीमागे दिसून येतात. पहिले दोन हेतू अशा कायद्यांत सामान्यतः आढळतात. तिसऱ्यास मात्र प्रत्येक ठिकाणी सारखे महत्त्व मिळालेले नाही.

पूर्वपीठिका : मोबदला देऊन रखवाली करवून घेण्याची प्रथा जुनी आहे. महाराष्ट्रातील गावगाड्यात जागल्या, महार, रामोशी इत्यादींकडे गावाची राखण असे. या रखवालीस एक कठोर जबाबदारी जोडलेली होती. गावात चोरी झाली, तर रखवालदाराने चोराचा माग काढून द्यावा, अन्यथा गेलेल्या मालाची भरपाई करावी, असा दंडक असे. माग दुसऱ्या गावाच्या हद्दीत जाऊन पोहोचला, म्हणजे जबाबदारी त्या गावाच्या रखवालदाराकडे जाई. पेशवाईच्या अखेरीस पुण्यात व ब्रिटिश अमदानीत तेथील बंगल्यांवरही रामोशी पहाऱ्यास ठेवण्याची चाल होती. तिच्यात संरक्षण किती व खंडणी किती, हे ठरविणे अवघडच होते. मुंबई ग्रामपोलीस अधिनियम, १८६७ यासारख्या कायद्यांनी ग्रामरक्षणाचे काम सरकारी चौकटीत बसविले व रखवालदाराची भरपाईची जबाबदारी मागे पडली. आजच्या परवाना पद्धतीत रक्षकाचे चारित्र्य, उंची व दृष्टी तपासली जाते. परंतु रक्षणात कसूर झाल्यास नुकसान कोणी सोसावयाचे, हे परवाना ठरवीत नाही. तो प्रश्न सुरक्षा संस्था व ग्राहक यांच्यातील करारावर सोपविलेला आहे.

औद्योगिकीकरणाबरोबर गिरण्या व कारखाने यांनी स्वतःचे पहारेकरी नेमले. त्यांत मुलुखावरून आलेले भय्ये, पठाण व गुरखे यांचा भरणा मोठा होता. स्वातंत्र्योत्तर काळात, विशेषतः १९६० नंतर, पहारेकरी पुरविणाऱ्या संस्था (एजन्सी) मुंबईसारख्या शहरांत वाढीस लागल्या. त्यांपैकी अनेक निवृत्त सैनिकी वा पोलीस अधिकाऱ्यांनी काढलेल्या होत्या. कारखानदाराने संस्थेस ठराविक रक्कम द्यावयाची व संस्थेने आपले शुल्क कापून रक्षकास वेतन द्यावयाचे, असा हा व्यवहार होता. रक्षक ज्याच्या दारात उभा राही तो त्याचा मालक नसे व जो मालक असे त्याच्याजवळ कारखाना नसे. परिणामी कामाचे तास, रजा, भविष्यनिर्वाह निधी, उपदान यांबाबत कोणाकडे दाद मागावी, हा प्रश्न उभा राहिला.

महाराष्ट्राचा १९८१ चा अधिनियम : या प्रश्नास महाराष्ट्राने दिलेले उत्तर परवान्याचे नव्हते, नोंदणीचे होते. गोदी कामगारांसाठी १९४८ च्या केंद्रीय कायद्याने आणि माथाडी व हमाल यांच्यासाठी १९६९ च्या राज्य अधिनियमाने मंडळाची पद्धत आधीच रूढ केली होती. काम अनिश्चित आणि मालक अनेक, अशा धंद्यात कामगाराची नोंद एका मंडळाकडे करावयाची, मालकांनीही तेथेच नोंदवावयाचे आणि वेतन मंडळाच्या हातून द्यावयाचे, हे तिचे सूत्र होय. तेच सूत्र महाराष्ट्र खाजगी सुरक्षा रक्षक (नोकरीचे नियमन व कल्याण) अधिनियम, १९८१ अन्वये पहारेकऱ्यांस लागू करण्यात आले. बृहन्मुंबई व ठाणे जिल्हा यांसाठी सुरक्षा रक्षक मंडळ स्थापन झाले व पुढे राज्याच्या इतर भागांतही अशी मंडळे आली. मंडळावर मालक व रक्षक यांचे प्रतिनिधी समसंख्य असतात व त्यांच्या जोडीस शासनाचे प्रतिनिधी असतात.

या पद्धतीत मुख्य मालक, म्हणजे ज्याच्या आवारात पहारा हवा आहे तो कारखाना वा आस्थापना, मंडळाकडे मागणी नोंदवितो. मंडळ आपल्या नोंदवहीतील रक्षक त्याकडे पाठविते. वेतन व त्यावरील ठराविक अधिभार मालक मंडळाकडे भरतो. त्या अधिभारातून भविष्यनिर्वाह निधी, उपदान, रजावेतन इत्यादींची तरतूद होते. रक्षकाचे काम एका ठिकाणचे संपले, तरी त्याचा नोंदणी क्रमांक कायम राहतो. संस्थेमार्फत वा दलालामार्फत नेमलेल्या रक्षकांस हा अधिनियम लागू आहे. मुख्य मालकाच्या थेट व नियमित सेवेतील पहारेकरी व मालकाचे कुटुंबीय यांना तो लागू नाही. अधिनियमातील कलम २३ अन्वये शासनास सूट देता येते. मात्र ज्यांना सूट द्यावयाची, त्या रक्षकांना मिळणारे लाभ एकूण विचार करता अधिनियमातील लाभांहून कमी नसावेत, अशी अट आहे. सुरक्षा संस्थांनी या सुटीचा आश्रय मोठ्या प्रमाणावर घेतला. त्यामुळे महाराष्ट्रात मंडळाचे रक्षक व सूट मिळालेल्या संस्थांचे रक्षक, असे दोन प्रकार शेजारी शेजारी काम करताना आढळतात. कमी दराने माणसे देणाऱ्या संस्थेकडे ग्राहकाचा ओढा असतो, हे लक्षात घेतल्यास लाभ ‘कमी नसावेत’ या दोन शब्दांवर मंडळ, संस्था व शासन यांच्यात न्यायालयापर्यंत वाद का गेले, ते समजते.

केंद्रीय अधिनियम, २००५ : सुरक्षा संस्थेस परवाना सक्तीचा करणारा देशव्यापी कायदा म्हणजे खाजगी सुरक्षा अभिकरणे (विनियमन) अधिनियम, २००५ हा होय. तो २००६ मध्ये अंमलात आला. केंद्र शासनाने त्याच वर्षी आदर्श नियम प्रसिद्ध केले व त्यांच्या आधारे राज्यांनी आपापले नियम केले. आदर्श नियमांची सुधारित आवृत्ती २०२० मध्ये निघाली. कायदा केंद्राचा असला, तरी परवाना देण्याचे काम राज्याचे आहे. राज्याच्या गृह विभागातील सहसचिव वा समकक्ष दर्जाहून कमी नसलेला अधिकारी नियंत्रक प्राधिकारी म्हणून नेमला जातो. एका राज्यातील परवाना दुसऱ्या राज्यात चालत नाही. अनेक राज्यांत व्यवसाय करणाऱ्या संस्थेस प्रत्येक राज्यात स्वतंत्र परवाना काढावा लागतो. परदेशात रक्षक पुरवावयाचे असल्यास नियंत्रक प्राधिकाऱ्याची वेगळी अनुमती लागते व ती देण्यापूर्वी केंद्र शासनाचा विचार घेतला जातो.

अधिनियमात परवान्याचे शुल्क कामाच्या प्रकारावर ठेवलेले नसून क्षेत्रावर ठेवलेले आहे : एका जिल्ह्यासाठी ५,००० रु., दोन ते पाच जिल्ह्यांसाठी १०,००० रु. आणि संपूर्ण राज्यासाठी २५,००० रु. यावरून या कायद्याची दृष्टी स्पष्ट होते. शाळेच्या फाटकावरील पहारा, नृत्यगृहाच्या दारावरील बंदोबस्त किंवा धनिकाचे अंगरक्षण यांसाठी वेगवेगळे परवाने नाहीत. संस्थेस एकदा परवाना मिळाला, की ही सर्व कामे तिला करता येतात.

अर्जदार व्यक्तीची पूर्वपीठिका पोलिसांकरवी तपासली जाते. कंपनीच्या स्थापनेतील वा व्यवस्थापनातील फसवणुकीबद्दल दोषी ठरलेला, दिवाळखोरीतून मुक्त न झालेला, दोन वर्षे वा अधिक कारावासास पात्र अशा गुन्ह्याबद्दल शिक्षा झालेला, राष्ट्रीय सुरक्षेस वा सार्वजनिक सुव्यवस्थेस धोका निर्माण केल्यामुळे बंदी घातलेल्या संघटनेशी संबंध ठेवणारा आणि गैरवर्तन वा नैतिक अधःपतन या कारणांवरून शासकीय सेवेतून बडतर्फ झालेला, असा कोणीही परवान्यास पात्र नसतो. कंपनी वा भागीदारी संस्था भारतात नोंदलेली असावी लागते आणि तिचे मालक, बहुसंख्य भागधारक, भागीदार वा संचालक भारतीय नागरिक असावे लागतात. अर्जावरील निर्णय ६० दिवसांत अपेक्षित असतो. परवाना पाच वर्षांसाठी असतो व मुदत संपण्यापूर्वी किमान ४५ दिवस नूतनीकरणाचा अर्ज करावा लागतो. परवाना मिळाल्यापासून सहा महिन्यांत काम सुरू करणे आणि परवाना कार्यालयात ठळक जागी लावणे बंधनकारक आहे. परवान्यावाचून व्यवसाय केल्यास एक वर्षापर्यंत कारावास किंवा २५,००० रु. पर्यंत दंड अथवा दोन्ही, अशी शिक्षा अधिनियमाने ठेवली. नियंत्रक प्राधिकाऱ्याच्या निर्णयाविरुद्ध राज्याच्या गृहसचिवांकडे ६० दिवसांत अपील करता येते.

परवाना रद्द वा निलंबित करण्याची कारणे वाचण्याजोगी आहेत. खोटी माहिती देऊन परवाना मिळविणे, कामाच्या निमित्ताने कळलेल्या गोष्टींचा दुरुपयोग करणे, संस्था शासनाचा भाग आहे असे पत्रशीर्षावरून वा जाहिरातीतून भासविणे, नोकरास लोकसेवकाचे सोंग घेऊ देणे, ही त्यांपैकी काही होत. सैन्यदल वा पोलीस यांच्या गणवेशासारखा दिसणारा गणवेश रक्षकाने घातल्यास त्याबरोबर संस्थेच्या मालकासही एक वर्षापर्यंत कारावास किंवा ५,००० रु. पर्यंत दंड वा दोन्ही होऊ शकतात. वेतन, भविष्यनिर्वाह निधी, बोनस, कंत्राटी कामगार इत्यादींविषयीचे कायदे अधिनियमाच्या अनुसूचीत दिले असून त्यांचा भंग हेही परवाना काढून घेण्याचे एक कारण मानले आहे. तिसरा हेतू, म्हणजे रक्षकाचे हित, केंद्रीय कायद्यात प्रामुख्याने या अनुसूचीच्या वाटेने आलेला आहे. तो अंमलात आणणे मात्र गृह विभागाच्या अधिकाऱ्याच्या हाती आहे आणि त्याचे लक्ष स्वाभाविकपणे गुन्हेगारीकडे असते, वेतनपत्रकाकडे नसते.

रक्षक व पर्यवेक्षक यांची पात्रता : रक्षकास स्वतः परवाना काढावा लागत नाही. तो पात्र आहे, हे पाहण्याची जबाबदारी संस्थेवर टाकलेली आहे. तो भारतीय नागरिक वा केंद्र शासनाने विनिर्दिष्ट केलेल्या देशाचा नागरिक असावा, त्याचे वय १८ वर्षे पूर्ण झालेले व ६५ हून कमी असावे, त्याचे चारित्र्य व पूर्वेतिहास यांविषयी संस्थेची खात्री पटलेली असावी आणि त्याने विहित प्रशिक्षण घेतलेले असावे, अशा अटी आहेत. न्यायालयाने दोषी ठरविलेल्या किंवा सैन्यदल, पोलीस वा शासकीय सेवेतून गैरवर्तनाबद्दल काढलेल्या व्यक्तीस नेमता येत नाही. माजी सैनिक, माजी पोलीस व गृहरक्षक दलातील व्यक्ती यांना प्राधान्य द्यावे, असे अधिनियम सुचवितो.

आदर्श नियम, २००६ यांतील शारीरिक मानके पोलीस भरतीच्या धर्तीवर आहेत. पुरुषाची उंची १६० सेंमी. व स्त्रीची १५० सेंमी. असावी, पुरुषाची छाती ८० सेंमी. व फुगविल्यावर ४ सेंमी. अधिक असावी, दृष्टी निर्दोष असावी, गुडघ्यास गुडघा लागत नसावा व तळपाय सपाट नसावेत, एक किमी. अंतर सहा मिनिटांत धावता यावे. दर १२ महिन्यांनी वैद्यकीय तपासणी व्हावी, असेही नियम सांगतात. शहरातील रात्रपाळीच्या पहाऱ्यावर आढळणारे वयस्क रखवालदार आणि ही मानके यांची तुलना केली असता नियम व व्यवहार यांतील अंतर सहज ध्यानात येते.

प्रशिक्षण १०० तास वर्गातील व ६० तास प्रत्यक्ष कामाचे, असे किमान २० कामकाजी दिवसांत पुरे करावयाचे असते. माजी सैनिक व माजी पोलीस यांच्यासाठी ४० व १६ तासांचा, सात दिवसांचा संक्षिप्त अभ्यासक्रम ठेवलेला आहे. अभ्यासक्रमात सार्वजनिक ठिकाणची वागणूक, गणवेश नीट घालणे, शारीरिक क्षमता, इमारतीची व मालमत्तेची सुरक्षा, आग विझविणे, गर्दी आवरणे, ओळखपत्रे व पारपत्रे तपासणे, स्फोटके ओळखणे, प्रथमोपचार, आपत्तीतील कर्तव्ये, पोलीस व सैन्य यांची पदचिन्हे ओळखणे, सुरक्षा उपकरणे वापरणे इ. विषय येतात. फौजदारी कायद्याची तोंडओळख, खाजगी संरक्षणाचा हक्क आणि पोलिसांत प्रथम खबर देण्याची रीत हेही त्यात असते. शस्त्र हाताळणे हा विषय ऐच्छिक आहे. चिलखती वाहनाच्या चालकास मात्र सावध वाहनचालन शिकणे आवश्यक असते. रक्षकाने ओळखपत्र कमरेच्या वर, बाहेरच्या कपड्यावर लावावे, शिटी डोरीस बांधून डाव्या खिशात ठेवावी, जवळ वही व लेखणी बाळगावी, इतक्या बारकाव्यापर्यंत नियम गेलेले आहेत. वही व लेखणीचा नियम क्षुल्लक नाही. घटनेची वेळ, वाहनाचा क्रमांक व आलेल्या माणसाचे वर्णन ही टिपणे पुढे पोलीस तपासात बहुधा पहिला लेखी पुरावा ठरतात.

प्रत्येक १५ रक्षकांमागे एक पर्यवेक्षक असावा आणि रक्षक निरनिराळ्या जागी विखुरलेले असल्यास सहांमागे एक असावा, असे प्रमाण ठरविले आहे. पर्यवेक्षक म्हणून सैन्यदल, पोलीस वा गृहरक्षक दल यांतील किमान तीन वर्षांचा अनुभव असलेल्यास प्राधान्य मिळते.

रक्षकाचे छायाचित्रयुक्त ओळखपत्र संस्था देते व नोकरी सुटताच ते परत करावे लागते. चारित्र्याचा दाखला व प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र तेवढे त्याच्याजवळ उरते. त्याच्या अनुभवाची वा सचोटीची नोंद एखाद्या सार्वजनिक वहीत होत नाही. वर्षानुवर्षे इमाने काम केलेला रक्षक व काल कामावर आलेला रक्षक हे संस्था बदलताना जवळजवळ एकाच पायरीवर असतात.

ग्रेट ब्रिटनमधील पद्धती याच्या उलट आहे. तेथील २००१ च्या खाजगी सुरक्षा उद्योग अधिनियमानुसार प्रत्यक्ष काम करणाऱ्या व्यक्तीस स्वतःचा परवाना घ्यावा लागतो. पहारा, मद्यालये व नृत्यगृहे यांच्या दारावरील बंदोबस्त, अंगरक्षण, रोख रकमेची ने-आण आणि सार्वजनिक जागेवरील दूरचित्रण-यंत्रांची देखरेख, अशी कामे तेथे वेगळी मानली आहेत व प्रत्येकासाठी निराळे प्रशिक्षण आहे. दारावरच्या बंदोबस्ताचा परवाना असलेल्यास साधा पहारा करता येतो; साध्या पहाऱ्याच्या परवान्यावर दारावर उभे राहता येत नाही, कारण मद्यधुंद माणसास न दुखविता बाहेर काढणे हे वेगळे कौशल्य समजले जाते. परवाना सामान्यतः तीन वर्षांचा असतो व नोकरी बदलली, तरी तो त्या व्यक्तीचाच राहतो. त्याचा खर्च बहुधा तिलाच सोसावा लागतो, ही या पद्धतीची उणी बाजू होय.

विशेष परवाने लागणारी कामे : भारतातील संस्था-परवाना सर्व कामांस एकच असला, तरी काही कामांसाठी त्याशिवाय आणखी अटी पाळाव्या लागतात. त्यांत सशस्त्र पहारा सर्वांत महत्त्वाचा आहे. २००५ च्या अधिनियमाने संस्थेस वा रक्षकास शस्त्र बाळगण्याचा अधिकार मिळत नाही. त्यासाठी शस्त्र अधिनियम, १९५९ व शस्त्र नियम, २०१६ यांखालील परवाना आवश्यक असतो. बँकांच्या दारात उभे असलेले अनेक रक्षक स्वतःच्या वैयक्तिक परवान्यावरील बारा बोअरची बंदूक घेऊन कामावर येतात. आत्मसंरक्षणाच्या कारणासाठी दिलेला परवाना अशा रीतीने उपजीविकेचे साधन बनतो व बंदूक असलेल्या माणसास अधिक वेतन मिळते. परवाना ज्या जिल्ह्यापुरता वा राज्यापुरता दिलेला असेल, त्या क्षेत्राबाहेर तो चालत नाही. गावाकडून बंदुकीसह मुंबईस आलेल्या रक्षकास क्षेत्रवाढ मिळालेली नसेल, तर तो नकळत गुन्हेगार ठरू शकतो. संस्थेने परवान्याची प्रत पाहून समाधान मानणे पुरेसे नाही. ज्या प्राधिकाऱ्याने परवाना दिला, त्याच्याकडे खातरजमा करणे आवश्यक असते.

रोख रकमेच्या वाहतुकीसाठी केंद्र शासनाने २०१८ मध्ये स्वतंत्र नियम केले. रोकड वाहून नेणाऱ्या गाड्यांवरील दरोडे आणि गाडीवरील माणसांनीच रक्कम घेऊन पसार होणे, अशा दोन्ही प्रकारच्या घटना त्यामागे होत्या. या नियमांप्रमाणे प्रत्येक गाडीवर चालकाखेरीज दोन सशस्त्र रक्षक व रोकड हाताळणारे दोन कर्मचारी असावे लागतात. एक रक्षक पुढे चालकाजवळ व दुसरा मागील भागात बसतो. गाडी उभी असताना किमान एक सशस्त्र रक्षक तिच्यापाशी थांबलाच पाहिजे. एका फेरीत ५ कोटी रु. पेक्षा अधिक रक्कम नेता येत नाही. शहरी भागात रात्री ९ नंतर व ग्रामीण भागात सायंकाळी ६ नंतर यंत्रांत रोकड भरणे वा तिची वाहतूक करणे यांस मनाई आहे. गाडीत स्थान दर्शविणारे यंत्र व चित्रण-यंत्रे बसवावी लागतात आणि कर्मचाऱ्यांची पूर्वतपासणी इतर रक्षकांपेक्षा कसून करावी लागते. भारतीय कायद्यात एखाद्या विशिष्ट सुरक्षा-कामाचा तपशीलवार विचार झालेला आहे, तो प्रामुख्याने येथेच. धोका पैशाला होता, म्हणून तो झाला, असे म्हणावयास जागा आहे. रुग्णालयाच्या दारावर संतप्त नातेवाइकांस तोंड देणाऱ्या रक्षकासाठी केंद्रीय पातळीवर असे वेगळे नियम झालेले नाहीत.

रक्षकाचे अधिकार : परवानाधारक संस्थेच्या रक्षकास पोलिसाचे कोणतेही अधिकार मिळत नाहीत. दखलपात्र व अजामीनपात्र गुन्हा त्याच्यासमक्ष घडल्यास त्यास गुन्हेगारास पकडता येते. परंतु तो अधिकार प्रत्येक नागरिकास आहे. पूर्वी तो फौजदारी प्रक्रिया संहिता, १९७३ च्या कलम ४३ मध्ये होता. १ जुलै २०२४ पासून अंमलात आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४० मध्ये तो आला असून पकडलेल्या व्यक्तीस विनाविलंब व सहा तासांच्या आत पोलिसांच्या स्वाधीन करावे, अशी कालमर्यादा त्यात घातली आहे. त्याचप्रमाणे स्वतःच्या वा दुसऱ्याच्या देहाचे व मालमत्तेचे खाजगी संरक्षण करण्याचा हक्क भारतीय न्याय संहितेच्या कलम ३४ ते ४४ प्रमाणे सर्वांस आहे व तो आवश्यक तेवढ्याच बळाच्या वापरापुरता मर्यादित आहे. दुकानाच्या दारात पिशवी तपासणे हे ग्राहकाच्या संमतीवर अवलंबून असते. ग्राहकाने नकार दिल्यास त्यास प्रवेश नाकारता येतो, त्याची बळजबरीने झडती घेता येत नाही. चोरीच्या संशयावरून एखाद्यास खोलीत कोंडून जबाब घेणे हा अन्यायी अटकावाचा गुन्हा होतो. १६० तासांच्या प्रशिक्षणात या गोष्टींस जो थोडका वेळ मिळतो, त्यावर रक्षकाचे व जनतेचेही बरेच हित अवलंबून असते, कारण मालकाच्या हुकुमावरून झालेल्या मारहाणीबद्दल आरोपी म्हणून प्रथम रक्षकच उभा राहतो.

परवान्याबाहेरील क्षेत्रे : खाजगी गुप्तहेरीचा व्यवसाय २००५ च्या अधिनियमात येत नाही. त्यासाठी खाजगी गुप्तहेर अभिकरणे (विनियमन) विधेयक २००७ मध्ये राज्यसभेत मांडण्यात आले होते, परंतु त्याचा कायदा झाला नाही व ते पुढे मागे घेण्यात आले. विवाहपूर्व चौकशी, नोकरीच्या उमेदवारांची माहिती काढणे, पाळत ठेवणे इ. कामे त्यामुळे कोणत्याही खास परवान्यावाचून चालतात. सर्वसाधारण फौजदारी व दिवाणी कायद्यांचे बंधन तेवढे त्यांवर असते. शासकीय यंत्रणांनाही हा अधिनियम लागू नाही. महाराष्ट्र राज्य सुरक्षा महामंडळ हे २०१० च्या राज्य अधिनियमान्वये स्थापन झाले असून ते शुल्क घेऊन रक्षक पुरविते. ते या परवाना पद्धतीबाहेर आहे.

याहून मोठे क्षेत्र थेट नेमणुकीचे आहे. दोन्ही अधिनियम संस्थेमार्फत होणाऱ्या पहाऱ्याचा विचार करतात. गृहनिर्माण संस्थेने, दुकानदाराने वा बांधकामाच्या ठेकेदाराने एखाद्यास परस्पर पहाऱ्यास ठेवले, तर त्याचे चारित्र्य तपासले जावे, त्यास प्रशिक्षण मिळावे किंवा त्याची मंडळाकडे नोंद व्हावी, असे बंधन या दोन कायद्यांमुळे पडत नाही. ग्रेट ब्रिटनमध्येही मालकाच्या थेट नोकरीतील साध्या पहारेकऱ्यास परवाना लागत नाही. महाराष्ट्रातील शहरांत जिन्याखालच्या खोलीत राहणारा, दिवसा पाण्याचा पंप चालविणारा, गाड्या धुणारा व रात्री फाटक राखणारा रखवालदार बहुधा याच वर्गातील असतो. त्यास ना संस्थेचे ओळखपत्र असते, ना मंडळाचा नोंदणी क्रमांक.